कोणाचो रे तू?

कणकवली तालुक्यातलं नांदगाव. मुंबई-गोवा महामार्ग गावातून उभा जातो आणि देवगडहून निपाणीला निघालेला रस्ता त्याला इथेच आडवा भेटतो. या तिठ्यावरून पंधरा-वीस वर्षांपूर्वी खिशात मोबाइल घेऊन निघालेल्या माणसाला एक चमत्कारिक अनुभव यायचा.

गाडी दक्षिणेला घातली, बांदा मागे टाकलं, पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात शिरलं, की राज्य बदलायचं, पेट्रोलचा भाव बदलायचा, बाटलीचा तर फारच बदलायचा. फोनचा दर मात्र घरचाच राहायचा. तेच पूर्वेला फोंडाघाट चढून, दाजीपूर-राधानगरी करत निपाणी गाठली, की कानावर पडणारी भाषा आपलीच, बाजार ओळखीचा, पण फोनच्या कोपऱ्यात रोमिंगची खूण उमटलेली. उत्तरेला तर त्याहून गंमत. मुंबई आपल्याच राज्याची राजधानी, पण तिथे पोचताच सिंधुदुर्गातलं सिमकार्ड परकं ठरायचं. उलटही तेच. गणपतीला गावी आलेला चाकरमानी ज्या घराच्या पडवीत रांगला, तिथेच त्याचा मुंबईचा नंबर पाहुणा असायचा. घरच्यांनी केलेला फोन उचलला तरी पैसे याचेच कापले जायचे. म्हणून मग मिस्ड कॉल, म्हणून गावात वापरायला दुसरं कार्ड, म्हणून दोन कार्डांच्या फोनचं एवढं कौतुक. कंपनीप्रमाणे आणि योजनेप्रमाणे थोडंफार इकडेतिकडे व्हायचं, पण मूळ नियम हाच.

फोनचा नकाशा भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशाशी जुळत नाही, हे कोकणातल्या माणसाला असं खिशाला चाट बसून कळलं. आज कुणी गाडी घेऊन पाच-सहा देश फिरायला निघतो आणि त्यासाठी प्रवासी ई-सिम विकत घेतो, तेव्हा त्याच्यासमोर तोच धडा नव्या पानावर उघडलेला असतो.

परवान्यांनी आखलेल्या हद्दी

नांदगावच्या तिठ्यावरचं कोडं सोपं आहे. १९९४ साली देशात खासगी मोबाइल सेवेचे पहिले परवाने दिले गेले ते मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांपुरते. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्यात ज्योती बसूंनी दिल्लीतल्या सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, तो याच व्यवस्थेत. राज्यांचे परवाने त्यानंतर लिलावाने गेले, आणि त्यासाठी देशाचे ‘सर्कल’ पाडले गेले. गोवा लहान म्हणून महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये बसवला. मुंबईचा परवाना आधीच दिलेला होता, म्हणून नवी मुंबई आणि कल्याणसकट ती वेगळी राहिली. निपाणी कर्नाटकात गेली. कुठल्या तालुक्याची बोली काय आणि सोयरिकी कुठे होतात, याचा त्या आखणीशी संबंध नव्हता. कोणी कुठला परवाना घेतला आणि कोणाचा कोणाशी करार आहे, यावरून रेषा पडल्या.

पुढे रेषा पुसट होत गेल्या. २००६ साली बीएसएनएल आणि एमटीएनएलने देशभर मिनिटाला एक रुपया असा ‘वन इंडिया’ दर आणला. ३ जुलै २०१५ पासून नंबर तोच ठेवून सर्कल बदलण्याची सोय झाली. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं ते रोमिंगला फाटा देऊनच, आणि २०१७ पर्यंत बाकीच्या मोठ्या कंपन्यांनीही देशांतर्गत रोमिंगची आकारणी सोडून दिली. आज शाळेत जाणाऱ्या मुलाला रोमिंग म्हणजे काय हे समजावून सांगावं लागतं. देशाबाहेर पाऊल टाकलं की मात्र ते पुन्हा समोर उभं राहतं.

गावाचा प्रश्न, टॉवरचा प्रश्न

मालवणी मुलखात वाडीत अनोळखी पोरगा दिसला की म्हातारा माणूस त्याला नाव विचारत नाही. विचारतो, “कोणाचो रे तू?” नावावरून काहीच कळत नाही. घर कळलं की पुढचं सगळं कळतं: कुठे उतरायचा, कोणाच्या शब्दावर उधारी द्यायची, काही झालं तर निरोप कुठे पाठवायचा.

फोन चालू केल्यावर टॉवर त्याला अगदी हेच विचारतो. सिमकार्डाच्या पोटात जास्तीत जास्त पंधरा आकड्यांचा एक क्रमांक असतो. हा आपला दहा आकडी मोबाइल नंबर नव्हे, हा आपल्याला कधी दिसतही नाही. त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात. ४०४ आणि ४०५ भारताचे, नेपाळचा ४२९, जर्मनीचा २६२, स्वित्झर्लंडचा २२८. त्यापुढचे दोन-तीन आकडे कंपनी सांगतात. उरलेले आकडे तुमचे. म्हणजे आधी गाव, मग घराणं, मग माणूस.

पण नुसतं ‘मी अमक्याचा’ म्हणून भागत नाही, कोणीही उठून तसं म्हणेल. म्हणून कार्डात एक गुप्त किल्लीही असते, शून्य आणि एक यांची १२८ अंकी मालिका. तीच किल्ली फक्त तुमच्या मूळ कंपनीकडे असते. टॉवर कार्डाकडे एक मोठा आकडा पाठवतो, दर वेळी नवा. कार्ड त्या आकड्याचं आणि आपल्या किल्लीचं गणित मांडून उत्तर परत देतं. तुम्ही परगावी असाल तर यजमान कंपनीने तोवर तुमच्या मूळ कंपनीला गाठलेलं असतं. मूळ कंपनी तिला प्रश्न आणि त्याचं बरोबर उत्तर अशी जोडीच पाठवते. दोन उत्तरं जुळली की फोन आत. किल्ली स्वतः कधीच हवेत जात नाही, यजमानालाही ती कळत नाही.

रोमिंग म्हणजे एवढंच. परक्या गावातला माणूस तुमच्या घरी विचारून घेतो आणि तुमच्या घरच्याने ‘होय, आमचाच, खर्च आम्ही देऊ’ असं सांगितलं तर तुम्हाला ओसरीवर घेतो. त्यासाठी दोन घरांत आधी करार झालेला लागतो. असा पहिला आंतरराष्ट्रीय करार १९९२ साली टेलिकॉम फिनलंड आणि ब्रिटनची व्होडाफोन यांच्यात झाला. आज कंपन्यांच्या अशा करारांचं जाळं जगभर पसरलं आहे आणि आपण परदेशात उतरताच फोनवर येणारा ‘स्वागत आहे’ हा संदेश त्या जाळ्याचाच एक धागा असतो.

ओळख पटूनही दार उघडेलच असं नाही, हे काश्मीरला गेलेल्या मराठी पर्यटकाला चांगलं ठाऊक आहे. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड कार्ड तिथे अनेक वर्षं चाललं नाही, पोस्टपेड चाललं. कार्ड खरं होतं, टॉवर भरपूर होते, पण कोणाला आत घ्यायचं हे सुरक्षेच्या नियमाने ठरवलं होतं.

कार्डाचं कार्डपण गळून पडलं

पहिली सिमकार्डं म्युनिकच्या गीझेके उंड डेव्रियंट या कंपनीने १९९१ साली बनवली आणि त्यातली तीनशे फिनलंडच्या रेडिओलिंजा कंपनीला विकली. तेव्हाचं कार्ड आजच्या एटीएम कार्डाएवढं होतं. मग ते बोटाच्या पेराएवढं झालं, मग त्याहून लहान, आणि २०१२ साली ‘नॅनो’ झालं तेव्हा प्लास्टिक जवळजवळ संपून नुसती सोनेरी चकती उरली. दुकानदाराने जुनं कार्ड कात्रीने किंवा पंचने कापून दिलेलं अनेकांना आठवत असेल. कापलं जायचं ते प्लास्टिक. मधल्या चिपला हात लागत नसे, म्हणून ते चालायचं.

त्या चिपला वेगळं कार्ड हवंच कशाला, हा पुढचा प्रश्न होता. ई-सिममधला ‘ई’ इलेक्ट्रॉनिकचा नाही, ‘एम्बेडेड’चा आहे. म्हणजे जडवलेलं. चिप कारखान्यातच फोनच्या पाटीवर डाखलेली असते. ती कोऱ्या पाटीसारखी येते. तुम्ही कंपनी निवडलीत की तिचा ओळखक्रमांक आणि गुप्त किल्ली कुलूपबंद करून इंटरनेटवरून त्या चिपमध्ये उतरवली जाते. याला प्रोफाइल म्हणतात. एका चिपमध्ये अशी अनेक प्रोफाइलं साठवता येतात. एका वेळी चालू मात्र बहुतेक फोनांत दोनच राहतात. ग्राहकांच्या उपकरणांसाठीचे याचे नियम जगभरच्या मोबाइल कंपन्यांच्या जीएसएमए या संघटनेने २०१६ साली ठरवले. २०१७ च्या गूगल पिक्सेल २ मध्ये आणि २०१८ च्या आयफोनांत ते फोनमध्ये आलं. २०२२ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या आयफोनांना सिम घालायची खाचच नाही. भारतात जिओ आणि एअरटेलने २०१८ साली घड्याळांच्या निमित्ताने ई-सिम सुरू केलं. बीएसएनएलचं २०२५ मध्ये आलं.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ई-सिम घेतल्यावर जो चौकोनी क्यूआर कोड येतो, तो म्हणजे सिम नव्हे. त्यात फक्त सिम जिथे ठेवलंय त्या सर्व्हरचा पत्ता आणि तुमची पावती असते. माल आणायला इंटरनेट लागतंच. परक्या विमानतळावर उतरून, वायफाय नसताना कोड हाती धरून बसलेला माणूस म्हणजे विहिरीच्या काठावर दोरीशिवाय उभा असलेला माणूस. म्हणून ई-सिम घरी बसून उतरवून घ्यायचं. शिवाय असा कोड बहुधा एकदाच चालतो. वाटेत चुकून प्रोफाइल पुसलं तर तोच कोड पुन्हा उपयोगी पडेल, या भरवशावर राहू नये.

तिसऱ्याच घरचा पाहुणा

ई-सिम ही केवळ सोय आहे. कार्ड टपालाने येतं की हवेतून, याने फोनच्या नकाशात काही फरक पडत नाही. खरा फरक ‘प्रवासी’ या शब्दात आहे.

समजा, पुण्याचे आईवडील म्युनिकला मुलीकडे गेले. त्यांच्याकडे तीन वाटा आहेत. आपलं भारतीय कार्ड आंतरराष्ट्रीय रोमिंगवर चालवायचं. किंवा जर्मनीत दुकानात जाऊन, पासपोर्ट दाखवून तिथलं कार्ड घ्यायचं. किंवा अ‍ॅपवरून ‘युरोप, इतके दिवस, इतका डेटा’ असं प्रवासी ई-सिम घ्यायचं. पहिल्या वाटेत ते भारतातल्या घरचे पाहुणे आहेत. दुसऱ्या वाटेत ते जर्मनीचेच घरचे. तिसऱ्या वाटेत मात्र ते कुणा तिसऱ्याच घरचे असतात. ई-सिम विकणाऱ्याकडे बहुधा स्वतःचे टॉवर नसतात. तो एखाद्या देशातल्या कंपनीकडून घाऊक भावात ओळखक्रमांक घेतो, आणि ती कंपनी कदाचित पोलंडची असेल, कदाचित हाँगकाँगची. म्हणजे जर्मनीतला टॉवर पुणेकराच्या फोनला विचारतो, ‘कोणाचो रे तू?’ आणि फोन सांगतो, ‘पोलंडचो.’

यातून तीन-चार गोष्टी आपोआप निघतात. एक, या कार्डावर ‘डेटा रोमिंग’ चालू करावंच लागतं, कारण ते जन्मापासूनच रोमिंगवर आहे. परदेशात गेल्यावर डेटा रोमिंग बंद ठेवा, हा जुना सल्ला लोक याही कार्डाला लावतात आणि मग ‘नेट चालत नाही’ म्हणून हैराण होतात. रोमिंग बंद ठेवायचं ते आपल्या भारतीय कार्डाचं.

दोन, डेटा वळसा घालून येतो. रोमिंगमध्ये इंटरनेटची वाट बहुतेकदा कार्डाच्या मूळ घरातून जाते. फोंड्यात उभं राहून समोरच्या दुकानदाराला द्यायचा निरोप आधी मुंबईला पाठवावा, तसं. कार्ड जवळच्या देशातलं असेल तर फरक जाणवत नाही. फार लांबचं असेल तर व्हिडिओ कॉलवर बोलणं अडखळतं. आणि वेबसाइटना तुम्ही त्या मूळ देशात आहात असं वाटतं. बँकेच्या अ‍ॅपला शंका येते, नकाशावर भलतंच शहर उघडतं, घरी चालणारी मालिका ‘आपल्या देशात उपलब्ध नाही’ म्हणून अंग काढते.

तीन, फायदा. स्थानिक कार्ड आपल्याच कंपनीच्या टॉवरला बांधलेलं असतं. पाहुण्याच्या कार्डाचा मात्र त्या देशातल्या दोन-तीन कंपन्यांशी करार असू शकतो. डोंगरात एकाचा टॉवर नसला तर दुसऱ्याचा पकडता येतो. गर्दीच्या वेळी मात्र यजमान घरच्यांना आधी वाढतो.

चौथी गोष्ट, अशी बरीच ई-सिमं फक्त डेटाची असतात, त्यांना फोननंबर नसतो. व्हॉट्सअ‍ॅप आपल्या जुन्या नंबरावरच चालू राहतं, त्यामुळे घरी बोलण्याची अडचण नाही. पण भाड्याच्या गाडीवाल्याने किंवा लॉजवाल्याने साधा फोन करायचा म्हटला, तर कुठे करणार?

लिश्टेनश्टाइन म्हणजे त्यांचा गोवा

म्युनिकच्या त्याच कुटुंबाला मुलगी शनिवारी गाडीने फिरायला नेते. जर्मनीतून ऑस्ट्रियातलं ब्रेगेन्झ, तिथून स्वित्झर्लंड, मग लिश्टेनश्टाइनची राजधानी फाडुझ. काही तासांत चार देश. व्हिसाच्या दृष्टीने हे चारही एकच घर, कारण चारही शेंगेनमध्ये आहेत. फोनच्या दृष्टीने नाही.

युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून कायदाच केला, की संघातल्या एका देशाचं कार्ड दुसऱ्या देशात घरच्याच दराने चाललं पाहिजे. संघाबाहेरचे नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन हे युरोपीय आर्थिक क्षेत्रात असल्यामुळे त्यांनाही तो लागू झाला. २०२२ मध्ये त्याची मुदत २०३२ पर्यंत वाढवली. स्वित्झर्लंड या क्षेत्रात नाही, ब्रिटन संघातून बाहेर पडलं. लिश्टेनश्टाइनमध्ये चलन स्विस फ्रँक, स्वित्झर्लंडशी त्याची जकातही एक, दोहोंच्या मध्ये नाकासुद्धा नाही. पण मुलीचं जर्मन कार्ड फाडुझमध्ये घरचं आणि दहा मिनिटं अलीकडे, नदीच्या स्विस काठावर, परकं. निपाणी आणि पणजीची आठवण व्हावी अशीच ही गंमत.

प्रवासी ई-सिमच्या याद्याही याच कायद्याच्या सावलीत तयार होतात. संघात कंपन्यांनी एकमेकांकडून किती घाऊक दर घ्यावा यावर मर्यादा आहे, म्हणून तिथला डेटा विकणाऱ्याला स्वस्त पडतो. स्वित्झर्लंडचा महाग पडतो. ‘युरोप’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या पॅकमध्ये स्वित्झर्लंड असेलच असं नाही, आणि मराठी माणसाचा युरोप तर स्वित्झर्लंडपासूनच सुरू होतो. म्हणून खंडाचं नाव न वाचता देशांची यादी वाचायची, आपल्या वाटेतला एकेक देश बोट ठेवून. वाटेत समुद्र ओलांडायचा असेल तर आणखी एक. बोटीवरचा टॉवर उपग्रहाला जोडलेला असतो. तो कोणत्याही देशाचा नसतो, आणि त्याचा दर हा दर्याच्या मधोमध उभ्या असलेल्या एकुलत्या एक दुकानाचा दर असतो. बोटीत चढताना फोन विमान-मोडवर टाकलेला बरा.

लंडन ते ठाणे

२०२४ मध्ये लंडनला राहणाऱ्या एका ठाणेकराने तिथून स्वतःच्या गाडीने ठाणं गाठलं. सोळा देश, एकोणसाठ दिवस, अठरा हजारांवर किलोमीटर. वाट युरोपमधून तुर्कस्तान, जॉर्जिया, रशिया, मध्य आशिया, चीन, तिबेट आणि नेपाळ अशी. त्याने कोणतं कार्ड वापरलं हा आपला विषय नाही. पण आज तीच वाट फोनच्या नजरेने पाहिली तर काय दिसतं?

ब्रिटन हा सुटा तुकडा. बेल्जियमपासून रुमानियापर्यंतचा पट्टा जवळजवळ एकसंध. तुर्कस्तानात नवा अंमल. तिथल्या नियामकाने २०२५ च्या जुलैमध्ये अनेक प्रवासी ई-सिम विक्रेत्यांच्या वेबसाइटच बंद केल्या. आधी घेऊन ठेवलं असेल तर चालतं, तिथे पोचून विकत घेणं कठीण. स्थानिक कार्ड घातलं तर परदेशी फोन १२० दिवसांत नोंदवावा लागतो, नाहीतर तो फोनच तिथल्या जाळ्यावर बंद पडतो. रशियात २०२५ च्या ऑक्टोबरपासून परदेशी कार्ड देशात शिरलं की पहिले चोवीस तास त्याचा डेटा आणि एसएमएस अडवतात. ड्रोन मोबाइलच्या जाळ्यावरून उडवले जातात, म्हणून ही खबरदारी. ड्रोन आहे की पर्यटक, हे टॉवरला कार्डावरून कळत नाही. सीमेवरून निघालेल्या गाडीला पहिला दिवस छापील किंवा आधी उतरवलेल्या नकाशावरच काढावा लागेल.

चीनमध्ये उलट. तिथल्या स्थानिक कार्डावर गूगल, व्हॉट्सअ‍ॅप उघडत नाही. बाहेरच्या देशाचं ई-सिम असेल तर डेटा वळसा घालून मूळ घरी जातो आणि तिथून इंटरनेटवर पडतो, म्हणून बहुतेक सगळं उघडतं. म्युनिकमध्ये ज्या वळशाला आपण नावं ठेवली, तो शिनजियांगमध्ये देवासारखा धावून येतो.

एवढ्या वाटेला पुरणारं एकच कार्ड शोधण्याचा अट्टहास धरू नये. युरोपला प्रादेशिक ई-सिम, तुर्कस्तान-जॉर्जियाला वेगळं, चीनला बाहेरचं, आणि नेपाळात शिरल्यावर कागदपत्रं दाखवून घेतलेलं तिथलं स्वस्त कार्ड. जसा रस्ता बदलेल तसा गिअर, हे आपण घाटात करतोच.

आपलं कार्ड घरचं, ते चालू ठेवा

परदेशातल्या डेटाची चिंता सगळे करतात. भारतीय माणसाची खरी गाठ ओटीपीशी असते. हॉटेलचे पैसे द्यायचे, कार्ड चालवायचं, तर बँकेचा निरोप भारतीय नंबरावर येणार. म्हणून ते कार्ड फोनमधून काढायचं नाही. निघण्यापूर्वी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यायचं, डेटा रोमिंग बंद ठेवायचं, आणि आलेला कॉल न उचलता व्हॉट्सअ‍ॅपवरून परत फोन करायचा. येणाऱ्या एसएमएसला आपल्या कंपन्या सहसा पैसे लावत नाहीत, पण आपल्या योजनेपुरती खात्री करून घ्यावी. ‘गरज पडल्यास दुसऱ्या कार्डाचा डेटा आपोआप वापरा’ अशी एक सोय फोनमध्ये असते, ती आवर्जून बंद करावी. ई-सिमचा डेटा संपला की फोन गुपचूप घरच्या कार्डाकडे वळतो, आणि मग बिल येतं.

फोन ई-सिमचा आहे का, हे पाहायला स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबायचं. ‘ईआयडी’ या नावाखाली बत्तीस आकडे दिसले तर आहे. भारतीय कार्डच ई-सिममध्ये बदलायचं असेल तर निघायच्या आदल्या रात्री ते करू नये. सिम बदललं की चोवीस तास त्यावरचे एसएमएस थांबवण्याचा नियम आहे. चोराने परस्पर तुमचं सिम बदललं तर त्याच्या हाती ओटीपी लागू नये, यासाठी तो केला आहे. तोच चोर आता ई-सिमच्या नावानेही येतो. ‘ग्राहक सेवा केंद्रातून बोलतोय, तुमचं सिम ई-सिम करून देतो, आलेल्या संदेशाला होकार द्या’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्यावा. होकार दिला की तुमचा नंबर त्याच्या फोनमध्ये जातो आणि तुमच्या फोनवर ‘नो सर्व्हिस’ उरतं.

खरेदीचंही एक पथ्य आहे. परदेशी कंपन्यांची कार्डं भारतात विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते आणि ग्राहकाची ओळख तपासावी लागते. २०२४ च्या जानेवारीत एअरालो आणि होलाफ्लाय या दोन मोठ्या विक्रेत्यांची अ‍ॅप भारतात याच कारणाने हटवली गेली. पासपोर्ट न मागता मिळणारं कार्ड सोपं वाटतं खरं, पण ते कोणी कोणाला दिलं याची नोंद नसते, आणि सरकारचा आक्षेप नेमका त्यावरच होता.

बाकी प्रवासाची तयारी जुनीच आहे. फोनमधला जीपीएस उपग्रहांवरून आपली जागा काढतो, त्याला इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागतं ते नकाशाच्या चित्राला. ते आधी उतरवून ठेवलं की सिग्नल नसतानाही वाट दिसते. हे शिकायला परदेशी जायची गरज नाही. फोंडाघाटात दोन वळणांनंतर सिग्नलच्या रेघा गळायला लागतात, तिथे कुठलंच ई-सिम उपयोगी नाही. विचारणारा टॉवरच नसेल तर उत्तर देणार कोणाला?

आणि टॉवर असतील, तिथे कार्ड घेण्यापूर्वी हा प्रश्न आपणच त्याला विचारावा. कोणाचो रे तू? मूळ कंपनी कोणत्या देशातली, माझ्या वाटेवरच्या कोणकोणत्या देशांत तुझी सोयरीक आहे, आणि डेटा कुठून फिरून येतो? ही तीन उत्तरं विक्रेत्याच्या पानावर सापडली तर कार्ड घ्यावं. नाही सापडली, तर नाव कितीही गोड असलं तरी त्या पाहुण्याला गाडीत घेऊ नये.